हेलिकॉप्टरचे आसन आणि दहावीनंतरचा निर्णय

व्यापारी घराण्यांत दहावीचा निकाल लागला की पुढील शाखेची चर्चा फारशी होत नाही. वाणिज्य शाखा, त्यानंतर बी.कॉम., जमल्यास सनदी लेखापालाची परीक्षा आणि संध्याकाळी पेढीवर बसून हिशेबाची सवय, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. हा क्रम अनुभवाने सिद्ध झालेला आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना सैन्यात हेलिकॉप्टर चालवण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा घरात दोन परस्परविरोधी समजुती समोरासमोर येतात. वडीलधाऱ्यांना वाटते की घराण्यात कोणी सैनिक नाही, कोणाची ओळख नाही, तेव्हा ही वाट आपल्यासाठी नाहीच. मुलांना वाटते की इच्छा आणि मेहनत असली म्हणजे कोणतीही वाट केव्हाही मोकळी होते. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत आणि त्यांची किंमत बहुधा उशिरा कळते.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या समजुतीचा विचार करू. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत प्रवेश घेण्यासाठी सैनिकी सेवेचा पूर्वानुभव लागत नाही. विमान चालवण्याचा परवाना लागत नाही, उड्डाणाचे तास लागत नाहीत आणि वडील किंवा आजोबा सैन्यात असण्याचीही गरज नसते. नागरी क्षेत्रात वैमानिक व्हायचे असेल तर प्रशिक्षणाचा लाखो रुपयांचा खर्च पालकांना सोसावा लागतो. त्यासाठी घर गहाण ठेवणारी कुटुंबेही असतात. सैन्यात हा सर्व खर्च शासन करते आणि वर प्रशिक्षणार्थीला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन देते. ज्याने आयुष्यात कधी विमानतळही पाहिला नाही असा तरुण तत्त्वतः या आसनापर्यंत पोहोचू शकतो.

आता मुलांच्या समजुतीकडे पाहू. ही वाट सर्वांना खुली असली तरी तिच्यावर काही दरवाजे असे आहेत की जे एकदा बंद झाले म्हणजे मेहनतीने उघडत नाहीत. त्यांतील पहिला दरवाजा दहावीनंतर, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, नकळत बंद होतो. पदवीधरांसाठी हवाई दल वर्षातून दोन वेळा जी सामायिक प्रवेश परीक्षा घेते तिला एएफकॅट म्हणतात. उड्डाण शाखेसाठी तिची शैक्षणिक अट अशी की उमेदवाराने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही विषयांत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण मिळवलेले असावेत आणि त्यानंतर कोणत्याही विद्याशाखेची पदवी किमान ६० टक्के गुणांनी घेतलेली असावी. अभियांत्रिकीची पदवीही चालते. वय अभ्यासक्रम सुरू होताना २० ते २४ वर्षे असावे लागते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असलेल्यांना २६ वर्षांपर्यंत सवलत आहे.

या अटीतील ‘कोणत्याही विद्याशाखेची पदवी’ हे शब्द व्यापारी घराण्यांनी काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. बी.कॉम. झालेला तरुण हवाई दलाचा वैमानिक होऊ शकतो. मात्र बारावीला त्याने भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेले असले पाहिजे. अकरावीत वाणिज्य शाखा घेणाऱ्या मुलाच्या विषयांत पुस्तपालन, अर्थशास्त्र, चिटणिसाची कार्यपद्धती असतात, क्वचित गणितही असते, भौतिकशास्त्र नसते. याउलट विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी बी.कॉम.ला प्रवेश मिळतो आणि सनदी लेखापालाच्या पायाभूत परीक्षेला तर कोणत्याही शाखेतून बारावी झालेला बसू शकतो. म्हणजे विज्ञान शाखा घेतल्याने पेढीचा रस्ता बंद होत नाही, पण वाणिज्य शाखा घेतल्याने हा रस्ता बंद होतो. ज्या मुलाच्या मनात आकाशाची ओढ थोडी जरी दिसत असेल, त्याच्या बाबतीत हा फरक शाखा निवडण्यापूर्वीच त्याला समजावून सांगणे हे घरातील मोठ्या माणसांचे काम आहे.

बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांसाठी पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, हा दुसरा मार्ग आहे. त्याची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते. हवाई दल आणि नौदल या विभागांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक आहे. २०२२ पासून येथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. तीन वर्षांच्या शिक्षणात पदवी मिळते आणि त्यानंतर उड्डाणाचे शिक्षण होते. पदवीधरांसाठी लोकसेवा आयोगाची सीडीएस ही परीक्षाही आहे. महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी काही जागा स्वतंत्रपणे राखलेल्या असतात. नौदलात अल्पसेवेच्या वैमानिकपदासाठी अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. त्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे शिक्षण तमिळनाडूत अरक्कोणम येथील आयएनएस राजाली या तळावर होते. भूदलाची रीत निराळी आहे. तेथे बहुधा आधी अधिकारी म्हणून एखाद्या दलात सेवा करायची आणि मग स्वेच्छेने आर्मी एव्हिएशनकडे जायचे, असा क्रम राहिला आहे. भूदलाच्या या शाखेची स्थापना १ नोव्हेंबर १९८६ रोजी झाली आणि तिची प्रशिक्षण शाळा महाराष्ट्रातच, नाशिक येथे आहे. कॅप्टन अभिलाषा बराक यांनी मे २०२२ मध्ये याच शाळेतून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून शिक्षण पूर्ण केले. त्यापूर्वी त्या हवाई संरक्षण दलात अधिकारी होत्या. तेव्हा सेवेचा पूर्वानुभव नसताना सरळ उड्डाणाच्या प्रशिक्षणाकडे जायचे असेल, तर हवाई दल आणि नौदल हेच मुख्य मार्ग ठरतात.

येथे एक गल्लत टाळावी. अग्निवीर वायू या नावाने जी भरती होते ती वैमानिकपदासाठी नसते. भारतीय सैन्यात वैमानिक हा अधिकारी असतो आणि त्याची निवड वर सांगितलेल्या परीक्षांतूनच होते. कोणी ओळखीने किंवा पैशाने हे काम करून देतो असे म्हणत असेल, तर त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नये. शासनाच्या अधिकृत जाहिरातीत जे छापलेले नाही त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाची मुलाखत असते. ती सुमारे पाच दिवस चालते. हवाई दलाची निवड मंडळे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आदी ठिकाणी आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि चित्र पाहून त्यावर गटात चर्चा असते. त्यात न टिकलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवले जाते. पुढील दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि वैयक्तिक मुलाखत होते. व्यापारी घरातील मुलांना येथे कमीपणा वाटण्याचे कारण नाही. दुकानात अनोळखी ग्राहकाशी बोलणे, नोकरांकडून काम करून घेणे, तोट्याच्या दिवशीही डोके शांत ठेवणे या सवयी त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात आणि मंडळ ज्या गुणांचा शोध घेते त्यांच्याशी त्यांचे जवळचे नाते आहे. फक्त इंग्रजी संभाषणाचा सराव आणि वर्तमानपत्राचे रोजचे वाचन लवकर सुरू करावे लागते.

यानंतर दुसरा न उघडणारा दरवाजा येतो. उड्डाण शाखेच्या उमेदवाराला सीपीएसएस ही संगणकावरील वैमानिक निवड चाचणी द्यावी लागते. उपकरणांवरील आकडे झटपट वाचणे, तसेच हात, पाय आणि डोळा यांचा मेळ राखणे, यांची परीक्षा तीत होते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार पुन्हा उड्डाण शाखेसाठी पात्र राहत नाही, मग त्याने पुढे कितीही अभ्यास केला तरी. सहज म्हणून, अनुभव मिळावा म्हणून या परीक्षेला जाणे यासाठीच शहाणपणाचे नाही. चांगली झोप घेऊन, तब्येत ठीक असताना, पूर्ण तयारीनेच जावे.

तिसरा दरवाजा शरीराचा आहे. वैमानिकाची उंची किमान १६२.५ सेंटिमीटर असावी लागते. विमानातील आसन, पेडल आणि उपकरणे यांच्याशी शरीर जुळले पाहिजे म्हणून पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि बसलेल्या स्थितीतील उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर या मर्यादेत असावी लागते. दृष्टी व रंग ओळखण्याची क्षमता यांचे निकष कडक आहेत. ही तपासणी दिल्ली किंवा बंगळुरू येथील हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत होते. लहानपणापासून चष्मा असलेल्या मुलाला चार वर्षे स्वप्न पाहू देऊन शेवटी निराश करण्यापेक्षा दहावीच्या सुट्टीत एका जाणत्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे व रंगदृष्टी तपासून घेणे अधिक योग्य. ही तपासणी निर्णायक नसते, पण दिशा दाखवते.

या सर्वांतून पार पडलेला तरुण हैदराबादजवळ दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनीत दाखल होतो.  येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ‘मला हेलिकॉप्टरच द्या’ असा अर्ज सुरुवातीला करता येत नाही. सर्वजण प्रथम पिलॅटस या छोट्या विमानावर उड्डाण शिकतात आणि त्यानंतर लढाऊ, मालवाहू व हेलिकॉप्टर अशा तीन प्रवाहांत विभागले जातात. त्यात प्रशिक्षणार्थीची आवड विचारली जाते, पण त्याची कामगिरी आणि हवाई दलाची गरज यांनाही महत्त्व असते. हेलिकॉप्टर मिळालेल्यांना हकिमपेट येथील शाळेत चेतक हेलिकॉप्टरवर शिकवले जाते.

हेलिकॉप्टर चालवणे विमानापेक्षा वेगळे का, हेही थोडक्यात समजून घेण्यासारखे आहे. डाव्या हाताशी असलेली दांडी डोक्यावरील सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलते आणि यंत्र वर किंवा खाली जाते. उजव्या हातातील दांडी यंत्राला पुढे, मागे किंवा बाजूला झुकवते. पायांतील पेडल शेपटीच्या लहान पंख्यावर ताबा ठेवतात. तो नसता तर मोठी पाती फिरताना यंत्रच उलट्या दिशेने गरगरले असते. यांतील एक हलवले की बाकी दोन्ही जुळवून घ्यावी लागतात. त्यामुळे एकाच जागी हवेत स्थिर राहणे, जे खालून पाहणाऱ्याला सर्वांत सोपे वाटते, तेच नवशिक्याला सर्वांत अवघड जाते. उंचीवर हवा विरळ होते तशी पात्यांची उचलण्याची शक्ती घटते. सियाचिनच्या चौक्यांना रसद पुरवणाऱ्या चीता हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला प्रत्येक फेरीत किती किलो न्यायचे आणि किती इंधन भरायचे याचा हिशेब सोनाराच्या काट्यासारखा करावा लागतो. हिशेबात वाढलेल्या पिढीला या कामातील शिस्त परकी वाटणार नाही.

या सेवेची उपयुक्तता देशाने वारंवार पाहिली आहे. २०१३ मध्ये उत्तराखंडात केदारनाथ परिसरात जलप्रलय झाला तेव्हा अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरांनी बाहेर काढले. २०१८ च्या केरळच्या महापुरात घरांच्या छपरांवरून माणसे दोरावर उचलली गेली. १९९९ च्या कारगिल युद्धात फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टरमधून जखमी जवानांना हलवण्याचे काम केले. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या हवाई दलात आल्या होत्या. हवाई दलात महिला वैमानिकांच्या पहिल्या तुकड्या याच दशकात आल्या आणि हेलिकॉप्टर हा त्यांना प्रथम खुल्या झालेल्या प्रवाहांपैकी एक होता.

जमेची बाजू अशी मोठी आहे. नावेची बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळले आणि जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत यंत्रातील दोष आढळला नाही. दरीतील हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असा निष्कर्ष निघाला. उत्तराखंडच्या त्याच मदतकार्यात २५ जून २०१३ रोजी गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर पडून २० जण दगावले होते. लोकांना वाचवायला गेलेले यंत्रही सुरक्षित नसते. हा धोका आईवडिलांपासून लपवून कोणी या वाटेवर जाऊ नये आणि आईवडिलांनीही तो ऐकून घेतल्यावाचून होकार किंवा नकार देऊ नये.

जैन घरांत याहून खोल असा एक प्रश्न विचारला जातो, तो अहिंसेचा. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तिन्ही होतील तेवढ्या कमी कराव्यात, अशी त्यांची मांडणी आहे. संरक्षणासाठी घडणारी हिंसा विरोधी या प्रकारात येते. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची मूर्ती उभी करणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. तरीही हा प्रश्न इतिहासाच्या दाखल्याने मिटत नाही. बचावकार्य करणारी हेलिकॉप्टरे जशी आहेत तशी अपाची आणि प्रचंड ही हल्ल्याची हेलिकॉप्टरेही आहेत आणि कोणत्या यंत्रावर नेमणूक व्हावी हे सर्वस्वी वैमानिकाच्या हाती नसते. आहाराचेही तसेच. अधिकाऱ्यांच्या भोजनालयात शाकाहार मिळतो, पण सूर्यास्तापूर्वी जेवणे किंवा कंदमुळे वर्ज्य करणे सीमेवरील तळावर नेहमी साधेल असे नाही. ज्याचे व्रत दृढ आहे त्याने हे आधी जाणून मगच पाऊल टाकावे.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. प्रशिक्षण पूर्ण झालेला फ्लाइंग ऑफिसर ५६,१०० रुपये मूळ वेतन, १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि २५,००० रुपये उड्डाण भत्ता, अशा ९६,६०० रुपयांपासून सुरुवात करतो. महागाई भत्ता व इतर सोयी निराळ्या. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ही रक्कम मोठी आहे. परंतु एएफकॅटमधून मिळणारे अल्पसेवा कमिशन उड्डाण शाखेत १४ वर्षांचे असते आणि ते वाढत नाही. ग्रॅच्युइटी मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणजे सदतिसाव्या वर्षाच्या आसपास, मुले शाळेत असताना, दुसरे काम शोधावे लागते. पुढे नागरी हेलिकॉप्टर सेवेत अनुभवी वैमानिकांना जागा असतात. मुंबईत जुहूहून समुद्रातील तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरांची रोजची ये-जा चालते. तरीही पहिल्या पगारापासून बचतीची शिस्त ठेवणे आणि भविष्य निर्वाह निधी व विमा यांची कागदपत्रे पत्नीला किंवा आईवडिलांना समजावून ठेवणे अत्यावश्यक आहे. एनडीए किंवा सीडीएसमधून मिळणारे स्थायी कमिशन असेल, तर वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. हा फरक अर्ज भरतानाच ध्यानात घ्यावा.

महाराष्ट्रातील मुलांसाठी काही शासकीय सोयी आहेत, ज्यांची माहिती व्यापारी पेठेत क्वचित पोहोचते. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून अकरावी-बारावीच्या निवडक मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते. तिची प्रवेशपरीक्षा दहावीच्या टप्प्यावरच द्यावी लागते. नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेतली जाते. दोन्हींच्या जाहिराती वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतात.

एनडीएच्या काही लाख अर्जदारांतून काही शेच निवडले जातात. तेव्हा ज्या घरातील मुलाने ही इच्छा धरली आहे, त्या घराने दुसरी तयारीही चालू ठेवावी. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी, मग आवडीची पदवी आणि २४ वर्षांचे होईपर्यंत परीक्षेचे प्रयत्न, असा बेत आखला तर निवड न झाली तरी मुलाचे काही वाया जात नाही. पेढी तेथेच असते आणि शिस्त लागलेला मुलगा तिला मिळतो. मात्र आठवीनववीत असलेल्या मुलाशी आजच बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला गणित आवडते का, अंधारात व उंचीवर तो घाबरतो का, सकाळी स्वतःहून उठतो का, रागावलेल्या माणसासमोर शांत राहतो का, हे घरातील लोकांइतके कोणालाच ठाऊक नसते. शाखा निवडीचा अर्ज भरण्यापूर्वी वडील, आई आणि मुलगा किंवा मुलगी यांनी एका संध्याकाळी दुकान थोडे लवकर बंद करून एकत्र बसावे, हवाई दलाची ताजी जाहिरात समोर ठेवून तिच्यातील प्रत्येक अट मोठ्याने वाचावी आणि मगच त्या अर्जातील शाखेच्या रकान्यात खूण करावी.